शेततळ्यात कोळंबी सोडण्याआधी हे कवच बघा

(हातात पांढरी थाळी, थाळीत कोळंबीचं सुटं कवच)

नमस्कार मंडळी. हे कोळंबीच्या डोक्यावरचं कवच, टोपीसारखं अलगद निघतं. उजेडाकडे धरतो, नीट बघा. पांढरे ठिपके दिसतायत? चुन्याचे शिंतोडे वाळल्यावर राहतात तसे. बोटानं घासले तरी जात नाहीत. कोळंबीच्या व्हाइट स्पॉट रोगात असे ठिपके येतात.

मागच्या हिवाळ्यात पालघरकडच्या एका खाजणातल्या तलावावर सकाळी सकाळी उभा होतो. तलाववाल्या काकांनी चेक ट्रे वर ओढला. खाद्य किती संपलं हे बघायची ती जाळीची चौकट. आदल्या दिवसापर्यंत ट्रे साफ होऊन यायचा, त्या दिवशी खाद्य तसंच भिजून पडलेलं. कडेच्या उथळ पाण्यात कोळंबी येऊन थांबली होती, हात घातला तरी पळेना. काका एवढंच म्हणाले, "आला." पाचव्या दिवशी त्या तलावात धरायला काही उरलं नव्हतं.

हे सोलापुरात बसून का सांगतोय? कारण मला फोन येतात. सांगोल्याहून, माळशिरसहून, पंढरपूरहून. "दादा, तेल्या रोगानं डाळिंबाची बाग काढली, शेततळं रिकामंच आहे, बोअरचं पाणी मचूळ आहे, वनामी सोडू का?" वनामी म्हणजे कोळंबीची एक जात. सोडायची की नाही ते नंतर बघू. परवानगीशिवाय तर सोडूच नका, आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. पण त्याच्याही आधी हा रोग समजून घ्या, कारण यात पैसा बुडतो तो आठवड्याभरात.

व्हाइट स्पॉट हा विषाणूजन्य रोग आहे. पूर्व आशियात १९९२-९३ च्या सुमारास दिसला आणि १९९४-९५ मध्ये आपल्या पूर्व किनाऱ्यावर आला. तेव्हा सगळे टायगर कोळंबी करायचे. आंध्र, तामिळनाडूत तलावच्या तलाव ओस पडले. २००९ पासून वनामीला परवानगी मिळाली, पण वनामीलाही हा विषाणू सोडत नाही. लक्षणं दिसल्यावर ३ ते १० दिवसांत जवळजवळ सगळा माल जातो. माणसाला यानं काही होत नाही, हेही सांगून ठेवतो, नाहीतर उद्या बाजारात अफवा उठायची.

आता सगळ्यांचा पहिला प्रश्न: औषध कोणतं? औषध नाही. लम्पी आला तेव्हा आपण जनावरांना लस टोचली आणि जनावराच्या अंगानं तो रोग ओळखून लक्षात ठेवला. कोळंबीच्या अंगात ती सोय नाही. प्रतिपिंड म्हणतात ते तिच्यात तयारच होत नाहीत, म्हणून गाईसारखी लस तिला लागू पडत नाही. प्रतिजैविक जिवाणूवर चालतं, विषाणूवर नाही. वर त्याचा अंश मालात सापडला तर निर्यातीचा माल परत येतो. कुणी बाटली घेऊन आला आणि "व्हाइट स्पॉटवर हमखास" म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

मग विषाणू येतो कुठून? डाळिंबवाल्यांना हे मी एका वाक्यात सांगतो: तेल्या बागेत कसा आला आठवा. तेल्या जिवाणूचा, हा विषाणूचा, पण वाट तीच. रोगट बागेतली गुटी कलमं आणली आणि रोग लावणीबरोबरच शेतात उतरला. कोळंबीतही मादीकडून पिल्लात, पिल्लाबरोबर पिशवीतून तुमच्या तळ्यात.

म्हणून खर्च करायचा तो बियाण्याच्या, म्हणजे पिल्लांच्या, चाचणीवर. कोरोनात आरटीपीसीआर सगळ्यांना पाठ झालं, हीही पीसीआरच. पण किती पिल्लं तपासली ते विचारा. समजा १०० मागे २ पिल्लं बाधित आहेत. ती सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर साधारण १५० पिल्लांचा नमुना लागतो. दहा-वीस पिल्लांवरचा "निगेटिव्ह" कागद मी धरत नाही, तुम्हीही धरू नका. आणि हॅचरीवाला, म्हणजे पिल्लं तयार करून विकणारा, "एसपीएफ" म्हणाला की त्याचा अर्थ एवढाच, की आई-बापात ठरावीक रोग नव्हते. रोग लागणारच नाही असा अर्थ होत नाही. तुमच्या तळ्यात विषाणू असेल तर ते पिल्लूही मरतं.

तळ्यात शिरल्यावर पसरायला वेळ लागत नाही. कोळंबी मेलेल्या कोळंबीला खाते, आणि मुख्य लागण तिथंच होते. खेकडे विषाणू बाळगतात, गोड्या पाण्यातलेसुद्धा, म्हणून ओढ्याकाठच्या तळ्याला खेकडे चढू नयेत असं कुंपण हवं. बगळा एका तळ्यातली मेलेली कोळंबी उचलून दुसऱ्यात टाकतो, म्हणून वरून जाळी. आणखी एक, हे कुणी सांगत नाही: गोठवल्यानं हा विषाणू मरत नाही. बाजारातून आणलेली कोळंबी तळ्याच्या बांधावर साफ करू नका.

आता आपल्याकडची खास गोष्ट. पाण्याची अल्कता जास्त असेल तर निरोगी कोळंबीच्या कवचावरही पांढरे डाग येतात, आणि आपल्या बोअरचं पाणी कसं असतं ते घरातल्या पातेल्याच्या बुडाला विचारा. म्हणजे नुसत्या ठिपक्यांवरून घाबरू नका आणि नुसत्या ठिपक्यांवरून ठरवूही नका. खाद्य सुटलंय का, कोळंबी कडेला येतेय का, अंग लालसर होतंय का, हे बघा आणि नमुना पाठवा. गार पाण्यात हा रोग जोर करतो. पाणी ३२-३३ अंशांवर असलं की मर कमी होते, पण विषाणू जात नाही. आपला मे महिना तात्पुरता झाकून ठेवेल, डिसेंबरच्या रात्री तो वर येईल.

बाकीचे विषाणू थोडक्यात. टॉरा १९९२ मध्ये इक्वेडोरमधून, यलो हेड थायलंडमधून पुढे आला. आयएमएनव्ही २००२ मध्ये ब्राझीलमध्ये दिसला, त्यात शेपटीचं मांस शिजल्यासारखं पांढरं पडतं. आयएचएचएनव्ही वनामीला मारत नाही, पण वाढ खुंटवतो. डोक्यावरचा काटा वाकडा, माल लहान-मोठा, आणि भाव पडतो. गोड्या पाण्यातला झिंगा करणाऱ्यांना पांढऱ्या शेपटीचा वेगळा रोग आहे, तो पिल्लांना मारतो.

आणि रोग आलाच तर? पाणी सोडू नका. घाबरून माणूस पहिलं तेच करतो. सांगोल्याचा ओढा माणेला मिळतो, माण भीमेला, आणि खाली भीमेतही झिंगे-खेकडे जगतात. माल विकण्याजोगा असेल तर जाळ्यानं काढा, पाणी आत ठेवून. मग ब्लीचिंग टाकून ते कोंडून ठेवा, किमान आठवडाभर. मेलेली कोळंबी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्री उकरणार नाहीत अशी. जाळं, बादल्या, गमबूट, सगळं धुऊन कडक उन्हात वाळवा.

तुमच्या बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट असेल तर क्षारता, अल्कता आणि पोटॅशियम हे तीन आकडे खाली लिहा. पुढचा भाग त्याच आकड्यांवर करतो.