बंदी नसलेला ढोल

सभ्य स्त्रीपुरुषहो, आणि मागच्या रांगेत फोनमध्ये मान घालून बसलेल्या बालगोपाळांनो,

मेमोरियल डेच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ‘बॅम’मध्ये (ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिक) ‘डान्सआफ्रिका’ हा आफ्रिकी नृत्यांचा महोत्सव पाहिला. नृत्यदिग्दर्शक चक डेव्हिस यांनी १९७७ साली सुरू केलेल्या या महोत्सवात मंचावरून ‘आगो’ अशी साद येते आणि लहानथोर सारे सभागृह ‘आमे’ म्हणून उत्तर देते. एकाच ओंडक्यातून कोरलेल्या, बकऱ्याचे कातडे ताणून बसवलेल्या जेंबे या पश्चिम आफ्रिकी ढोलावर मुख्य वादक इशारा वाजवतो आणि त्यासरशी नर्तकांची पावले बदलतात. गिनीतला ‘कासा’ हा ठेका तर मुळात शेतात राबणाऱ्यांसाठी वाजवला जाई. आपली भलरी आठवली. माझे तालज्ञान आरतीच्या टाळ्यांपुढे गेलेले नसल्यामुळे मी बेतानेच मान डोलावली.

परतताना, कोणी विचारले नसतानाही, मी धाकटीला इतिहास सांगितला. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनातील गुलामांनी स्टोनो येथे ढोल वाजवत बंड केले, आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आणली. तिने शांतपणे विचारले, “मग बाबा, आपल्या ढोलावर कोणी बंदी घातली?”

प्रश्नाला पार्श्वभूमी होती. आमचा ढोल तळघरात हिवाळी कोटांखाली असतो आणि तिने तो मागितला, की ‘शेजारी तक्रार करतील, गणपतीत वाजव’ हे माझे ठरलेले उत्तर, त्यावरून घरात खडाजंगीही झालेली.

ज्यांच्या पूर्वजांना साखळदंडांत आणले, त्यांच्या वंशजांनी तुटलेले धागे शोधून पुन्हा जोडले. आपण मात्र स्वखुशीने, दोन-दोन बॅगा भरून आलो. तरीही आपल्या महाराष्ट्र मंडळाचे ढोलपथक ऑगस्टमध्ये पार्किंगच्या जागेत जागे होते आणि विसर्जनानंतर गुडूप होते. डान्सआफ्रिकात ज्येष्ठांचे मंडळ सन्मानाने मंचावर येते आणि तिथेच ब्रुकलिनची मुलेही नाचतात. आपल्याकडे मुले नाचतात, आईवडील चित्रीकरण करतात आणि आपला तुकडा संपताच जेवणाच्या रांगेत उभे राहतात. आजी मंडळींसाठी आपण कडेच्या खुर्च्या राखून ठेवतो, एवढाच काय तो मान!

म्हणून माझी मंडळाच्या कार्यकारिणीला विनंती आहे, की यंदा मंगळागौरीच्या खेळांत आजी, आई आणि नात एकत्र उतरू द्याव्यात, आणि मुलग्यांनाही वगळू नये. अडचण एवढीच, की झिम्मा-फुगडी अंगात मुरलेल्या आजी आता मोजक्याच उरल्या आहेत, आणि श्रावणात त्यांतल्या कितीजणींना व्हिसा आणि गुडघे दोन्ही साथ देतील, हे आपल्या अध्यक्षांनाही सांगता येणार नाही.