मला खेळायला घ्याल का?

(दृश्य : संध्याकाळ. पुण्याच्या उपनगरातील एका गृहसंकुलाचे आवार.)

साडेपाच वाजले आहेत आणि सात मुलांचा लगोरीचा डाव रंगला आहे. एका बाजूला चार गडी आहेत, दुसऱ्या बाजूला तीन. डावापासून दहा पावलांवर, वाहनतळाच्या खांबाला टेकून, आठ वर्षांची एक मुलगी उभी आहे. पंधरा दिवसांपूर्वी वडिलांच्या बदलीमुळे हे कुटुंब नागपूरहून येथे राहायला आले आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून तिची आई खाली पाहते आहे आणि आपण स्वतः खाली जाऊन त्या मुलांना दोन शब्द सांगावेत की नाही, या विचारात पडली आहे.

नव्या जागी राहायला गेलेल्या प्रत्येक घरात हा प्रसंग कधी ना कधी येतो. अशा वेळी आपण मुलांना सहसा एकच सल्ला देतो : "नुसती उभी काय राहतेस, जा आणि विचार, मला खेळायला घ्याल का?" सल्ला प्रेमाचा असतो, पण मुलाच्या बाजूने पाहिले तर तो फार अवघड आहे. रंगलेल्या डावात मध्येच शिरून परवानगी मागायची, सर्वांच्या नजरा आपल्यावर ओढून घ्यायच्या आणि मग उत्तराची वाट पाहत उभे राहायचे, हे मोठ्यांनाही सहज जमणारे नाही. शिवाय या प्रश्नाला "नाही, आमच्या टीम झाल्यात" असे उत्तर देणे खेळणाऱ्यांना अतिशय सोपे असते.

हा नकार ऐकून आईवडिलांच्या काळजाला घरे पडतात. परंतु नकार देणारी मुले दुष्ट असतात असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम कोर्सारो यांनी बालवाडीतल्या मुलांमध्ये दीर्घकाळ बसून त्यांचा खेळ जवळून पाहिला. मुलांचा खेळ नाजूक असतो, जरा धक्का लागला तर तो मोडतो आणि हे मुलांना अनुभवाने ठाऊक असते. म्हणून जमून आलेला खेळ जपण्यासाठी ती नव्या मुलाला बाहेर ठेवू पाहतात, असे कोर्सारो यांच्या लक्षात आले. ज्या मुलाला आज बाहेर ठेवले, तेच मूल उद्या आत असेल आणि त्या वेळी तेही दुसऱ्याला हेच उत्तर देईल.

मग खेळात शिरावे कसे? मार्था पुटॅलॅझ आणि जॉन गॉटमन या संशोधकांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुसरी-तिसरीतल्या मुलांकडे याच दृष्टीने पाहिले. वर्गात फारशी न आवडणारी मुले खेळणाऱ्यांजवळ आली की प्रश्न विचारत, स्वतःविषयी सांगू लागत, आपले मत मांडत किंवा चाललेल्या गोष्टीला विरोध करत. थोडक्यात, सर्वांचे लक्ष खेळावरून काढून स्वतःकडे वळवत. ज्या मुलांचे इतरांशी सहज जमते, ती याच्या उलट वागतात. ती आधी थोडा वेळ पाहतात, खेळ काय चालला आहे ते समजून घेतात, आणि मग त्या खेळाला धरून असेल असेच काहीतरी बोलतात किंवा करतात.

हे कौशल्य घरी शिकवता येते. लगोरी चालू असेल तर चेंडू कुंपणाकडे गेल्यावर धावत जाऊन तो आणून द्यावा, कोणाचा नेम अचूक बसला तर मनापासून दाद द्यावी, कोणत्या बाजूला गडी कमी आहे ते हेरावे आणि डाव संपून नवा सुरू होण्याच्या मधल्या क्षणी त्या बाजूच्या मुलाला "तुमच्याकडे एक कमी आहे, मी येते" असे म्हणावे. वेळ साधणे येथे फार महत्त्वाचे आहे. रात्री जेवताना आजी, आजोबा किंवा मोठा भाऊ यांनी 'खेळणारी मुले' व्हावे आणि लहानग्याने त्यांच्यात शिरून दाखवावे, अशी गमतीची तालीम दोन-चार दिवस केली तरी मुलाची भीती पुष्कळ कमी होते. शेरी ओडेन आणि स्टीव्हन आशर या संशोधकांनी १९७७ साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिसरी-चौथीतल्या एकट्या पडलेल्या मुलांना त्यांनी खेळात भाग घेणे, आळीपाळीने खेळणे, बोलणे-ऐकणे आणि दुसऱ्याला प्रोत्साहन देणे या साध्या गोष्टी शिकवल्या, लगेच एका सवंगड्याबरोबर खेळायला लावले आणि खेळ झाल्यावर त्याविषयी त्यांच्याशी बोलणे केले. एका वर्षानंतरही त्या मुलांबरोबर खेळायला वर्गातल्या इतरांना पूर्वीपेक्षा अधिक आवडत होते.

(दृश्य : जुन्या वाड्याचे अंगण, मुले हातावर हात ठेवून चकत आहेत.)

आपल्या मुलांच्या जगात या गोष्टी कोणी पुस्तकातून आणलेल्या नाहीत, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. राज्य कोणावर यावे यासाठी मोठ्यांच्या मध्यस्थीची गरज पडत नाही. मुले चकतात, एकेक जण सुटत जातो आणि शेवटी उरेल त्याच्यावर राज्य येते. कोणाची चप्पल निसटली किंवा गुडघा खरचटला की 'टाइम प्लीज' म्हणताच सारा खेळ थांबतो. भांडण झाले तर कट्टी आहे, आणि कट्टी आहे म्हणूनच बट्टीही आहे. रागावण्याला आणि राग सोडण्याला एकेक शब्द असल्यामुळे कोणालाही फार मोठे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

या सर्वांत मला सर्वांत मोलाची वाटते ती कच्च्या लिंबाची प्रथा. पाच वर्षांचा धाकटा भाऊ मोठ्यांच्या लपंडावात आला तर त्याला 'कच्चं लिंबू' किंवा 'लिंबूटिंबू' म्हणून घ्यायचे. तो धावेल, लपेल, आरडाओरडा करेल, पण तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येणार नाही. खेळाचे नियम मोडायचे नाहीत आणि लहानग्याला बाहेरही ठेवायचे नाही, हा दुहेरी पेच मुलांनी पिढ्यानपिढ्या एका शब्दात सोडवला आहे. नव्याने आलेल्या, हळू धावणाऱ्या किंवा एखाद्या अपंग मुलासाठीही हा मार्ग मोकळा आहे. मात्र त्या मुलाला कायम कच्चे लिंबू ठेवले तर त्याला अपमान वाटू लागतो, म्हणून त्याच्यावर राज्य येण्याचा दिवसही यायला हवा.

पूर्वी चाळीच्या गॅलरीत, वाड्याच्या चौकात किंवा गावातल्या पाराभोवती हे सर्व घडत असे, कारण तेथे मुलांना रोज तीच मुले भेटत आणि वेळ मोकळा असे. आज अनेक शहरांतील मुलांची संध्याकाळ शिकवणी, पोहणे आणि चित्रकलेचा वर्ग यांत वाटली गेली आहे, आणि सोसायटीच्या आवारात गाड्या लावल्यानंतर खेळायला उरते ती जागा थोडी. वर्गात पन्नास मुले असली तरी तासाला बोलायचे नसते. उरते ती मधली सुट्टी, आणि तीही डबा खाण्यात निम्मी संपते. म्हणून मुलाला मित्र हवेत असे ज्यांना वाटते, त्यांनी आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी काहीही न ठरवता रिकाम्या ठेवाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. लाजाळू मुलासाठी घोळक्यापेक्षा एकच मूल घरी बोलावणे बरे. तास-दीड तासाची भेट पुरते. दोघांनी मिळून करायचे काहीतरी असावे, मग ती भेळ असो वा पत्त्यांचा बंगला. आणि जे खेळणे आपल्या मुलाला कोणालाही द्यायचे नाही, ते पाहुणा येण्यापूर्वीच कपाटात ठेवून द्यावे. दोन-तीन वर्षांची मुले शेजारी बसून आपापलेच खेळत राहिली तर काळजी करू नये. मुलांच्या खेळाच्या अभ्यासक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली या समांतर खेळाचे वर्णन केले आहे, आणि त्या वयाला ते साजेसेच आहे.

(दृश्य : शाळा सुटली आहे. फाटकाबाहेर पालक उभे आहेत.)

मैत्री जमली की तिच्यातल्या कुरबुरीही सुरू होतात. "आज ती माझ्याशी बोललीच नाही", "त्याने माझ्याऐवजी दुसऱ्याला बाकावर जागा दिली", "तिच्या वाढदिवसाला मला बोलावले नाही" ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात. ती ऐकताच आपण दोनपैकी एक चूक करतो. एक तर "एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलीस" म्हणून विषय झटकून टाकतो, किंवा तडक त्या मुलाच्या आईला फोन लावतो. दुसरी चूक अधिक महागात पडते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती दोन मुले एकमेकांच्या डब्यातला शिरा खात असतात आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर त्यांच्या आया एकमेकींना उत्तरे देत असतात. मुलांची बट्टी होते, मोठ्यांची होत नाही, आणि मग एक दिवस "त्यांच्या घरी जायचे नाही" असे मुलाला सांगितले जाते.

त्याऐवजी प्रथम ऐकावे. मूल बोलत असताना हातातले काम ठेवावे आणि "मग तू काय केलेस?" व "आता तुला काय करावेसे वाटते?" एवढेच विचारावे. बहुतेक वेळा मुलाला उपाय नको असतो, साक्षीदार हवा असतो. त्याला उपाय हवाच असेल तर दोन-तीन मार्ग त्याच्याकडूनच काढून घ्यावेत आणि त्यांतला कोणता करून पाहायचा ते त्यालाच ठरवू द्यावे. दुसऱ्या दिवशी त्याची आठवणीने चौकशी करावी, पण शाळेतून आल्या आल्या "आज कोणी त्रास दिला का?" असे रोज विचारू नये, रोज विचारले की मूल रोज काहीतरी शोधू लागते.

तीन मैत्रिणींचा प्रश्न मात्र खरोखर अवघड असतो. तिघींपैकी दोघी जवळ आल्या की तिसरी बाहेर पडते, आणि दोन दिवसांनी जोडी बदलते. आठ ते दहा वर्षांच्या सुमारास मुलाला एक खास, जिवाभावाचा सवंगडी हवासा वाटू लागतो, असे मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी मांडले आहे. त्यामुळे या वयात जिवलग मैत्रीण दुसरीकडे वळली तर होणारे दुःख खरे असते आणि त्याला लहान म्हणता येत नाही. अशा वेळी मुलीला वर्गाबाहेरचे आणखी एक वर्तुळ असावे. ते आतेभावंडांचे असेल, संध्याकाळच्या खो-खोच्या मैदानाचे असेल किंवा खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचे. एक दार बंद झाले त्या दिवशी तिला दुसरीकडे जाता आले पाहिजे.

एकटे दिसणारे प्रत्येक मूल सारखे नसते, हेही ओळखायला हवे. १९८२ साली जॉन कोइ आणि केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यासह, वर्गात कोण आवडते व कोण आवडत नाही हे मुलांनाच विचारून जी मांडणी केली, तिच्यात वर्गाच्या नजरेत न भरणारी मुले आणि वर्गाने उघडपणे नाकारलेली मुले असे दोन वेगळे गट आढळतात. पहिल्या गटातले मूल शांत असेल, त्याला एकच मित्र असेल आणि ते आनंदात असेल. त्याला बळेच घोळक्यात ढकलू नये. दुसऱ्या गटातल्या मुलाला मात्र मदत हवी असते. ते हरल्यावर पट उधळत असेल, रडीचा डाव खेळत असेल, चटकन हात उगारत असेल. त्याला 'चिडका बिब्बा' म्हणून चिडवल्याने काहीच सुधारत नाही. हरल्यावर काय म्हणायचे, राग आल्यावर कोठे जाऊन पाणी प्यायचे, हे त्याला शांत वेळी शिकवावे लागते.

भांडण आणि छळ यांतली रेषा मोठ्यांनी नीट ओळखली पाहिजे. या विषयाचा नॉर्वेत पायाभूत अभ्यास करणारे डॅन ओल्वेउस यांनी तीन खुणा सांगितल्या आहेत : इजा करण्याचा हेतू, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडणे, आणि दोघांच्या बळातली तफावत. या तिन्ही दिसल्या तर "तुमचे तुम्ही मिटवा" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. तेव्हा वर्गशिक्षकांना भेटावे, तारखा-प्रसंग लिहून न्यावेत, आणि मुलाला स्पष्ट सांगावे की कोणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चहाडी असते, पण कोणाला इजा होऊ नये म्हणून सांगणे ही चहाडी नव्हे. घरी किंवा शाळेत कोणीच ऐकत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि तो मुलाला पाठ असावा.

(दृश्य : उसाच्या फडाजवळच्या कोप्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्या. पहाटेचे धुके.)

मैत्री टिकवण्याचा सर्वांत कठीण प्रश्न मात्र सोसायटीच्या आवारातला नाही. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्याबरोबर जाणारे मूल अर्धे वर्ष वर्गात नसते. ते परत येते तेव्हा बाकावरची जागा गेलेली असते, जोड्या बदललेल्या असतात, आणि धड्याइतकेच त्याला हेही पुन्हा सुरुवातीपासून जमवावे लागते. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावातच राहू शकतात. त्यांचा अभ्यास चालू राहतो हे तर खरेच, पण त्यांचा सवंगडीही त्यांच्यापासून तुटत नाही, याची दखल क्वचितच घेतली जाते. जे मूल परतते, त्याच्यासाठी गुरुजी किंवा बाई पहिल्या आठवड्यात एवढे करू शकतात की त्याला जुन्या मित्राशेजारी बसवावे आणि पाणी भरण्याचे किंवा फळा पुसण्याचे काम दोघांना मिळून द्यावे.

(दृश्य : पुन्हा गृहसंकुलाचे आवार. उजेड कमी होतो आहे.)

खांबाजवळची मुलगी आज चौथ्या दिवशीही तेथेच उभी आहे, मात्र आता ती खांबाला टेकलेली नाही. चेंडू गाडीखाली गेला तेव्हा तिने आडवे होऊन तो बाहेर काढला आणि तीन गड्यांच्या बाजूला फेकला. डाव संपला. फरश्यांचे तुकडे पुन्हा एकावर एक रचले जात आहेत. तीन गड्यांपैकी एकाने मान वर करून तिला नाव विचारले आणि ती काही बोलण्याआधीच म्हणाला, "पळता येतं ना? मग इकडे ये, आमच्यात एक कमी आहे." गॅलरीतली आई आत जाऊन कुकर लावते आहे.