टाक्या गेल्या, पेट्रोल राहिलं

[दृश्य: रिकामं आवार. तडकलेल्या काँक्रीटमधून वर आलेलं गवत. जमिनीलगत बसवलेली गोल लोखंडी झाकणं.]

इथं पेट्रोलचा साठा असायचा. टाक्या उपसून नेल्या, पाइप काढले, खड्डे बुजवले आणि कागदोपत्री जागा मोकळी झाली. इतक्या वर्षांत खाली झिरपलेलं पेट्रोल मात्र जिथल्या तिथं आहे.

पेट्रोल पाण्याहून हलकं. एका लिटरचं वजन जेमतेम पाऊण किलो. गळालेलं पेट्रोल मातीतून उतरत जातं आणि भूजलाच्या पातळीपाशी येऊन अडतं. तिथं ते आडवं पसरतं. खरी अडचण त्यातल्या बेंझीनची, कारण ते थोडंथोडं पाण्यात विरघळतं आणि पाणी जाईल तिकडे जातं. बेंझीनने कॅन्सर होतो, यावर आता वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा आहे लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम. म्हणजे 1 लाख लिटर स्वच्छ पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला 1 ग्रॅम बेंझीन पुरतं.

[दृश्य: एक झाकण उघडलं जातं. आत पांढरा पीव्हीसी पाइप.]

ही निरीक्षण विहीर. म्हणायला विहीर, पण पाइप इतका बारीक की त्यात मूठ जाणार नाही. जिथं भूजल वरखाली होतं, तेवढ्याच भागात पाइपला बारीक फटी पाडलेल्या असतात. भोवती वाळू भरलेली, आणि तिच्यावर बेंटोनाइट मातीचं बूच. हे बूच नसेल तर पावसाचं पाणी पाइपच्या कडेने खाली उतरतं आणि नमुना कशाचा घेतला हेच कळत नाही. अशा किमान तीन विहिरी लागतात, त्याही एका रेषेत नकोत. तिन्हींतल्या पातळ्या जुळवल्या की पाणी कुठल्या दिशेला सरकतंय ते समजतं.

आत सोडलेल्या फितीच्या टोकाला सेन्सर आहे. पेट्रोलला टेकला की सहसा सलग आवाज येतो, पाण्यात शिरला की तुटक. दोन्हींतलं अंतर म्हणजे तरंगणाऱ्या थराची जाडी.

या जाडीवर मात्र भरवसा ठेवू नये. एक तर पाइपमधला थर बाहेरच्या मातीतल्या थरापेक्षा बहुतेक वेळा जाड दिसतो. आणि पावसाळ्यानंतर पातळी चढली की तोच थर गायब होतो. अहवालात लगेच ‘पेट्रोल आढळलं नाही’ असं येतं. पण पेट्रोल कुठंही गेलेलं नसतं. चढलेल्या पाण्याखाली ते मातीच्या कणांमध्ये अडकून बसलेलं असतं. पातळी उतरली की पुन्हा पाइपमध्ये हजर. एका हंगामाच्या आकड्यावर जागेचा निकाल देणारा अहवाल म्हणून आमच्या लेखी अर्धवटच.

[दृश्य: काचेची लहान कुपी. पाणी काठाच्या वर फुगून उभं आहे.]

नमुना घेताना पंप अगदी हळू चालवतात. पाण्याचा सामू, वाहकता, विरघळलेला ऑक्सिजन हे आकडे स्थिर झाले की मगच कुपी भरायची. 40 मिलिलिटरची कुपी, जिवाणूंचं काम थांबावं म्हणून आत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल. पाणी काठावर फुगेपर्यंत भरायचं, झाकण लावायचं, कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारायची. एखादा बुडबुडा वर सरकताना दिसला, तर ती कुपी बाद. बेंझीन उडून त्या हवेत जातं आणि प्रयोगशाळेत पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ ठरतं. चांगली कुपी थेट बर्फात.

[दृश्य: आवाराच्या कोपऱ्यात ब्लोअर, कंप्रेसर आणि कार्बनचे दोन फिल्टर.]

आता सफाई. वर तरंगणारं पेट्रोल उपसता येतं, तेवढं आधी उपसायचं. पुढचा सरळ वाटणारा उपाय म्हणजे पाणी उपसून, कार्बनमधून गाळून सोडणं. बरीच वर्षं बऱ्याच ठिकाणी हेच झालं. पण हे तेलकट भांड्यावर नुसतं पाणी ओतत राहण्यासारखं आहे. बेंझीनचा आकडा झपाट्याने खाली येतो, मग एका जागी रेंगाळतो, आणि पंप बंद केला की काही महिन्यांत पुन्हा वर चढतो. मातीत अडकलेलं पेट्रोल पाण्यात उतरतच राहतं.

म्हणून हवेकडे वळायचं. मातीतले जिवाणू पेट्रोल खातात, फक्त त्यांना ऑक्सिजन लागतो. 1 किलो पेट्रोल पूर्ण पचवायला साधारण साडेतीन किलो. आता एक लिटर पाण्यात ऑक्सिजन मावतो तो 8-9 मिलिग्रॅम. पाण्यातून पुरवायचा म्हटलं तर किलोमागे 4 लाख लिटर पाणी खाली पोहोचवावं लागेल. तेवढाच ऑक्सिजन 12-13 घनमीटर हवेत मिळतो, म्हणजे एका लहानशा खोलीत. कंप्रेसर भूजलाखाली हवा सोडतो, ब्लोअर वरच्या कोरड्या मातीतून वाफा ओढून घेतो. त्या वाफा कार्बनमध्ये अडवायच्या, नाहीतर पाण्यातलं प्रदूषण आपण हवेत सोडतोय.

हवा न पोहोचलेल्या ठिकाणीही जिवाणू स्वस्थ नसतात. ऑक्सिजन संपला की नायट्रेट, मग लोह, सल्फेट यांवर निभावतात, शेवटी मिथेन तयार होतो. पेट्रोलच्या पट्ट्यात सल्फेट घटलेलं आणि विरघळलेलं लोह वाढलेलं दिसलं, तर आत पचन चालू आहे असं समजायचं. पण ते फार संथ असतं. जवळ पिण्याच्या पाण्याची विहीर असेल, तर त्याच्या भरवशावर बसून राहणं आम्हाला पटत नाही.

[दृश्य: बंद केलेला ब्लोअर. एक कर्मचारी पुन्हा फीत खाली सोडतोय.]

आकडे मर्यादेखाली आले की यंत्रं थांबवतात आणि मोजणी चालू ठेवतात. पाणी चढताना, उतरताना, पुन्हा चढताना. या काळात एखाद्या विहिरीत बेंझीन वाढलं, तर तिच्या आसपास पुन्हा हवा सोडायची. आकडे टिकले, तर विहिरी बुजवायच्या. त्याही नुसती माती लोटून चालत नाही. तळापासून वरपर्यंत सिमेंट आणि बेंटोनाइटचं मिश्रण भरत यावं लागतं, कारण उघडं राहिलेलं बोअर म्हणजे वर पुढे जे काही सांडेल त्याला थेट भूजलापर्यंतची वाट.