हार्डवुड नेमकं किती हार्ड असतं?

हा बाल्साचा तुकडा बघा, नख दाबलं की खड्डा पडतोय, आणि तरी हा हार्डवुडच! कारण हार्डवुड हे नाव कडकपणावरून नाही तर झाडाच्या जातीवरून आलंय. रुंद पानांची, फुलं-फळं येणारी झाडं ती हार्डवुड, पाईन-देवदारसारखी सूचिपर्णी ती सॉफ्टवुड. बास, एवढंच.

कडकपणा मोजायचा तर जांका टेस्ट. 11.28 मिमी व्यासाचा स्टीलचा गोळा लाकडात अर्धा रुतवायला किती जोर लागतो ते बघायचं. वॉलनटला साधारण 1010 पौंड लागतात, रेड ओकला 1290, हार्ड मॅपलला 1450, आणि आपला बाल्सा शंभराच्या आतच. म्हणूनच खुर्च्या सरकतात, चपला घासतात अशा फ्लोअरिंगला मॅपल चालतं.

पण नुसता आकडा बघून लाकूड घेऊ नका. आता रेड ओकची ही काडी, एक टोक पाण्यात बुडवलंय, दुसऱ्यातून फुंकर मारतो... बघा, बुडबुडे! आत बारीक नळ्या असतात आणि रेड ओकमध्ये त्या उघड्याच राहतात. व्हाइट ओकमध्ये त्या बंद होतात, म्हणून वाइनची पिंपं त्याची करतात, रेड ओकची केली तर पाझरतील. सागात नैसर्गिक तेल असतं, पाण्याला आणि वाळवीला तो दाद देत नाही, बोटीच्या डेकवरही टिकतो, फक्त त्यात सिलिका असल्यामुळे रंध्याचं पातं पटापट बोथट होतं आणि काम करणारा वैतागतो.

आता सगळ्यात जास्त फसगत कुठे होते ते सांगतो. लाकूड कापलं, वाळवलं, पॉलिश केलं तरी हलत राहतं. दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं, लांबीला जवळजवळ नाहीच पण रुंदीला भरपूर, आणि वार्षिक वलयांच्या दिशेने तर वलयांना आडव्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. माझं पहिलं टेबल मी हौसेने फ्रेमला कडेपर्यंत गोंद लावून पक्कं चिकटवलं होतं, कोरडा सीझन आला आणि एका रात्री कट्ट असा आवाज, सकाळी बघतो तर मधोमध तडा! स्क्रूची भोकं लांबट ठेवली असती तर फळी निवांत सरकली असती, पण तेव्हा कोण ऐकतंय.

वाकवायचं असेल तर बीच. वाफेवर मऊ होतं, साच्यात घातलं की हवा तसा बाक घेतं. फर्निचर बनवणाऱ्या मायकेल थोनेटने 1859 मध्ये आणलेली 14 नंबरची कॅफे खुर्ची याच वाफवलेल्या बीचची, सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट.

रंगाचं तर आणखी वेगळंच. वॉलनट वर्षांनुवर्षं उजेडात राहिलं की फिकं पडतं, चेरी उलट गडद होत जाते. म्हणून चेरीच्या टेबलावर फुलदाणी महिनोन्‌महिने एकाच जागी ठेवली की उचलल्यावर खाली हा असा फिकट गोल दिसतो.