खुबा मोडलाय, वय 82. ऑपरेशन करायचं का?

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट, कोथरूडमध्ये घरोघरी जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घेते. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "आजी 82 वर्षांच्या, खुब्यात फ्रॅक्चर. या वयात ऑपरेशन कशाला?"

हाडं ठिसूळ होतात, पाळी गेल्यावर बायकांची जास्त, हे तुम्हाला माहीत आहे. पुढे जाऊ.

एका काकांनी लिहिलंय, "परदेशात तर खुबा मोडण्याचं प्रमाण कमी होतंय." खरंय. अमेरिकेत 1995 नंतर ते उतरत गेलं. पण काका, प्रमाण म्हणजे दर लाख ज्येष्ठांमागे किती. ज्येष्ठच वाढतायत, म्हणून जगभरातले एकूण पेशंट वाढतच आहेत. आणि 2005 च्या तिथल्याच नोंदी बघा: खुबा मोडल्यावर वर्षभरात साधारण पाच बायकांमागे एक आणि तीन पुरुषांमागे एक गेले. मोडतो बायकांचा जास्त, दगावतात पुरुष जास्त.

आता मुद्द्याचं. हे ऑपरेशन फक्त "परत चालायला" आहे असं समजू नका. ते आधी उठून बसायला आहे. खुबा तसाच ठेवला तर कूस बदलताना जीव जातो इतकं दुखतं. म्हणून माणूस हलत नाही. मग छातीत कफ साठतो, पायात रक्ताची गुठळी होते, पाठीला जखमा होतात. माणूस दगावतो तो बहुतेकदा यानं.

माझी मावशी सदाशिव पेठेत बाथरूममध्ये घसरली. पायाला वजन लावून ठेवलं होतं आणि आम्ही मात्र सहा दिवस चर्चा करत बसलो. मुलगा अमेरिकेहून येऊ दे, मग ठरवू. सातव्या दिवशी न्यूमोनिया. ऑपरेशन झालंच नाही. तेव्हा मी शिकत होते, मला बोलायचं धाडस झालं नाही. म्हणून आज बोलते.

"शरीराला झेपेल का?" असं विचारता ना? मग महिनाभर पाठीवर पडून राहणं झेपेल का, हेही विचारा. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, दाखल झाल्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करा. थांबायला खरी कारणंही असतात: रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, हृदयाचा त्रास आहे. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "आपण नेमकं कशासाठी थांबलोय, आणि ते कधीपर्यंत नीट होईल?" मुलाचं विमान हे कारण नाही. अमावस्या तर नाहीच नाही. मुलाची संमती व्हिडिओ कॉलवर घ्या.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी फिजिओ उभं करायला येतील. आजी ओरडतील. "राहू दे आजचा दिवस" म्हणून त्यांना परत पाठवू नका, पुन्हा तेच पडून राहणं सुरू होतं.

आणि डिस्चार्जच्या कागदावर हाडांच्या ठिसूळपणाचं औषध लिहिलंय का, बघा. नसेल तर तिथेच विचारा. दुसऱ्या बाजूचा खुबाही तसल्याच ठिसूळ हाडाचा आहे.