नॅसला एक्स्पान्शन युनिट जोडताना

मंडळी, नॅसमधली, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या डब्यातली, जागा भरत आली की पहिला विचार येतो तो शेजारी आणखी एक डबा, म्हणजे एक्स्पान्शन युनिट, लावण्याचा. तो घ्यावा का, घेतलाच तर त्यातल्या डिस्क कशा मांडाव्यात, आणि केबल हलली किंवा वीज गेली तर नेमकं काय होतं, एवढंच आज बोलायचं आहे. आकडे हवेत राहू नयेत म्हणून एकच उदाहरण धरू: सिनॉलॉजी कंपनीचा चार खणांचा (एका खणात एक डिस्क) नॅस डीएस९२३+ आणि त्याला जोडायचं पाच खणांचं डीएक्स५१७ युनिट. दोन्ही मिळून नऊ खण.

पण आधी आहे त्या खणांकडे पाहा. चारही खणांत ४ टीबीच्या डिस्क असतील तर रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशी मांडणी) किंवा एसएचआरमध्ये (सिनॉलॉजीची तशीच मांडणी) वापरायला १२ टीबी मिळतात. एकेक डिस्क काढून १२ टीबीची बसवत गेलात की त्याच डब्यात ३६ टीबी होतात. प्रत्येक डिस्कनंतर रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) पूर्ण होऊ द्यायचा. तो चालू असताना दुसरी डिस्क ओढली तर पूल (सगळ्या डिस्क मिळून झालेला साठा) गेलाच म्हणून समजा. युनिटची गरज खरी लागते ती चारही खणांत मोठ्या डिस्क बसून झाल्यावर. आणि युनिटची किंमत छोट्या नॅसच्या जवळपास जात असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ज्याच्याकडे अजून बॅकअप नाही त्याने दुसरा नॅस घ्यावा आणि तो दुसऱ्या जागी ठेवावा. युनिट जागा वाढवतं. चोरी, आग किंवा वीज पडणं यातून ते काही वाचवत नाही, कारण ते त्याच टेबलावर असतं.

घ्यायचं ठरलंच तर आधी पोर्ट पाहा. डीएक्स५१७ ई-साटा या बाहेरच्या डिस्कसाठीच्या पोर्टने जोडलं जातं. डीएस४२३+ आणि डीएस२२४+ या नॅसना ते पोर्टच नाही, त्यामुळे तिथे विषय संपला. डीएस१५२२+ ला दोन युनिट जोडता येतात, म्हणजे पंधरा खण. २०२५ च्या डीएस९२५+ वर ई-साटा गेलं आणि त्या जागी टाइप-सी आलं; त्याला डीएक्स५२५ लागतं, जुनं डीएक्स५१७ चालत नाही. सेकंडहँड युनिट स्वस्तात मिळतंय म्हणून उचलण्याआधी आपला नॅस कंपनीच्या सुसंगततेच्या यादीत आहे का, हे तपासा.

आता मुख्य मुद्दा. युनिटमध्ये डिस्क घातल्या की सॉफ्टवेअर तुम्हाला दोन रस्ते देतं: आधीच्या पूलमध्ये त्या मिसळा, किंवा त्यांचा स्वतंत्र पूल करा. पहिला रस्ता मोहक वाटतो, कारण सगळी जागा एकाच व्हॉल्यूममध्ये (पूलमधून वापरायला काढलेल्या भागात) दिसते. तो घेऊ नका. रेड ५ एक डिस्क गेल्यावर टिकतं, रेड ६ दोन गेल्यावर. केबल निसटली तर एका क्षणात पाच डिस्क गायब होतात. यातलं एकही रेड नवातून पाच गेल्यावर उभं राहत नाही. मग मूळ नॅसमधल्या चार डिस्क ठणठणीत असूनही त्यांच्यावरचा डेटा बंद. शिवाय एकदा पूलमध्ये गेलेली डिस्क पुन्हा बाहेर काढून पूल लहान करता येत नाही. म्हणजे पुढे युनिट विकायचं किंवा बदलायचं ठरवलं तर सगळा डेटा दुसरीकडे हलवण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून नॅसचा पूल नॅसमध्ये, युनिटचा पूल युनिटमध्ये. केबल निसटली तरी पहिला पूल चालू राहतो. कुठलं काय कुठे ठेवायचं, हेही त्यावरून ठरतं. रोजच्या कामाच्या फाइल्स आणि पॅकेजेस (नॅसवर चालणारी ॲप्स) नॅसच्या व्हॉल्यूमवर. जुने प्रोजेक्ट, लग्नाच्या व्हिडिओंचा कच्चा माल, कॅमेऱ्यांची रेकॉर्डिंग युनिटवर. शेअर्ड फोल्डर हलवायला कंट्रोल पॅनेलमध्ये त्या फोल्डरच्या एडिटमध्ये जाऊन त्याचं व्हॉल्यूम बदलायचं. हलवाहलव चालू असताना तो फोल्डर वापरता येत नाही, तेव्हा हे काम रात्रीवर ठेवा.

समोरून प्रश्न आलाय की एका केबलने वेग कमी होत नाही का. वापरताना सहसा जाणवत नाही, दुरुस्तीत नक्की जाणवतो. ई-साटाची वाट ६ गिगाबिटची, म्हणजे कागदावर सेकंदाला ६०० एमबी. हातात ५५० धरा. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर तुम्हाला मिळतात ११० च्या आसपास, तिथे केबल आड येत नाही. १० गिगाबिटचं कार्ड टाकलं असेल तर ती आड येईल. पण रिबिल्ड किंवा स्क्रबिंगमध्ये (साठवलेल्या डेटाची तपासणी) पाचही डिस्क एकदम वाचल्या-लिहिल्या जातात, आणि ५५० पाचांत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला ११० येतात. ८ टीबीच्या डिस्कला त्या गतीने वीस तास लागतात. तीच डिस्क नॅसमध्ये सरासरी १८० ने चालली तर बारा तासांच्या थोडं वर. हे वीस तास पूल दुबळा असतो, म्हणून युनिटमध्ये मोठ्या डिस्क असतील तर मी रेड ६ किंवा एसएचआर-२ (तेही दोन डिस्क गेल्या तरी टिकतं) यांपैकीच एक सुचवेन. पाच ८ टीबीच्या डिस्कवर जागा ३२ ऐवजी २४ टीबी मिळेल, आणि सॉफ्टवेअर ती २१.८ दाखवेल, कारण ते १०२४ च्या पटीत मोजतं. डिस्क खराब नाही, दुकानदाराने फसवलेलंही नाही.

डिस्क निवडताना एसएमआर टाळा. या डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे सलग लांब लिखाणात ती अडखळते, आणि रिबिल्ड म्हणजे तेच. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या ‘रेड’ मालिकेतल्या (हे डिस्कचं नाव, वरच्या रेड ५-६ शी संबंध नाही) २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं. सीएमआर डिस्क, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या, त्यानंतर रेड प्लस नावाने आल्या. जुना साठा विकत घेताना लेबलवर मॉडेल क्रमांक वाचा: डब्ल्यूडी४०ईएफएएक्स एसएमआर, डब्ल्यूडी४०ईएफआरएक्स सीएमआर.

जोडणी सोपी आहे, फक्त क्रम चुकवू नका. नॅस बंद करा. डिस्क ट्रेमध्ये बसवा आणि ट्रेच्या तोंडावर सीरियल नंबरचे शेवटचे चार अंक चिकटवा. सहा महिन्यांनी रात्री अकरा वाजता खराब डिस्क काढताना चुकीची चांगली डिस्क हातात येऊ नये म्हणून. युनिटसोबत आलेलीच केबल लावा आणि तिचे दोन्ही टोकांचे स्क्रू आवळा. ते स्क्रू शोभेचे नाहीत. टेबल पुसताना लागलेला धक्का तेच झेलतात. मग युनिटची पॉवर केबल लावून फक्त नॅस सुरू करा, युनिट त्याच्यामागून आपोआप सुरू होतं. स्टोरेज मॅनेजरमध्ये पाचही डिस्क दिसल्या की पूल करण्याआधी प्रत्येकीवर विस्तारित स्मार्ट चाचणी (डिस्कने स्वतःची केलेली तपासणी) लावा. ८ टीबीला अर्धा दिवस किंवा जास्तही लागेल, लागू द्या. नवी डिस्क मरायची असेल तर ती रिकामी असताना मेलेली बरी. रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (डिस्कवरचे खराब आणि संशयित भाग) शून्य हवेत. सीआरसीचा आकडा (डेटा नेता-आणताना झालेल्या चुका), क्रमांक १९९, वाढत असेल तर डिस्क बदलण्याआधी ट्रे नीट आत गेला आहे का ते पाहा. तो दोष बहुतेकदा जोडणीचा असतो.

यूपीएसबद्दल एकच गोष्ट, पण तीच सर्वांत जास्त वेळा चुकते: नॅस आणि युनिट दोन्ही एकाच यूपीएसवर हवेत. नॅस यूपीएसवर आणि युनिट भिंतीच्या सॉकेटवर असेल तर वीज जाताच पाच डिस्क लिहिता लिहिता नाहीशा होतात आणि नॅस चालूच राहतो. यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडा, आणि बॅटरी संपण्याच्या बरंच आधी नॅस सेफ मोडमध्ये (लिखाण थांबवून डेटा सुरक्षित ठेवणं) जाईल अशी वेळ द्या. मागचे पंखे भिंतीला चिकटवू नका. डिस्क ५० अंशांच्या वर जात असेल तर जागा बदला.

आणि कधी पाचही डिस्क एकदम गायब झाल्याच, तर पाच डिस्क एकाच सेकंदाला मरत नाहीत हे लक्षात ठेवा. दोष केबल, पॉवर किंवा पोर्टचा असतो. रिपेअर किंवा नवा पूल यातलं काहीही दाबू नका. चालू नॅसवर केबल ओढून पुन्हा खोचून पाहू नका. लॉग (नॅसने ठेवलेल्या नोंदी) उतरवून घ्या, नॅस बंद करा, दोन्ही टोकं काढून पुन्हा बसवा, स्क्रू आवळा, युनिटची पॉवर तपासा, मग सुरू करा. पूल परत दिसला तर आधी महत्त्वाचं बाहेर कॉपी करा आणि मगच स्क्रबिंग लावा. दिसला नाही, तर डिस्कचे ट्रे आणि त्यांचा क्रम न हलवता कंपनीच्या मदत केंद्राकडे लॉग पाठवा.