माती तेवढीच हाय

(फिरतं चाक. ओली माती. हात.)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची माती. कौलं, विटा, माठ, कुंड्या, पणत्या, सगळं हिचंच. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्था याच गावात आहे. मातीत हात घालून वाढलेली घरं या तालुक्यात अजून आहेत.

चाकाशेजारी बसलेली ही मुलगी सहा वर्षांची. तिच्यापुढं मातीचे दोन गोळे. दोन्ही तिनं तळहातावर तोलून बघितलेत. एकाची चिमूटभर माती काढून दुसऱ्याला तिनंच लावली आणि मग मान हलवली, आता बरोबर झालं म्हणून.

मानसशास्त्र शिकणारी एक ताई त्यातला एक गोळा उचलते आणि फळीवर वळते. गोळ्याची लांब वळी होते.

"आता कंच्यात माती लई हाय?"

(मुलीचा चेहरा. तीन सेकंद काही बोलू नये.)

"माती तेवढीच हाय की. तुमीच लांब केलासा."

हा प्रश्न जगभरातल्या लहान मुलांना विचारून झालाय. जीन पियाजे नावाच्या स्विस संशोधकानं तो विचारायला सुरुवात केली. पाच-सहा वर्षांची बरीच मुलं लांब वळीकडं बोट दाखवतात. लांब दिसतंय म्हणजे जास्त असणार. आकार बदलला तरी ऐवज तेवढाच राहतो, ही समज साधारण सातव्या वर्षाच्या आसपास पक्की होते, असं पियाजेचं म्हणणं.

पण 1969 साली मेक्सिकोतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथं कुंभारांच्या मुलांना हेच मातीचे गोळे दाखवले, शेजारी कुंभारकाम न करणाऱ्या घरांतली त्याच वयाची मुलं होती. मातीच्या प्रश्नात कुंभारांची मुलं पुढं निघाली. हाताला रोज जे कळतं, ते डोक्याला लवकर कळतं. खानापुरातली ही मुलगी त्या मुलांचीच सख्खी बहीण म्हणायची.

आणि हीच मुलगी शाळेच्या वहीत 'गणितात कच्ची' आहे.

(वर्ग. पाटी. बाईंचा आवाज.)

घरात मराठी, शाळा कानडी. गावातल्या मराठी शाळेला शिक्षक टिकेना, म्हणून आईबापांनी इकडं घातलं. बाई चांगल्या आहेत. पोरांवर ओरडत नाहीत, प्रत्येकाच्या पाटीशी जाऊन बसतात. त्या अंक सांगतायत. इप्पत्तमूरु. पाटीवर उमटतं बत्तीस.

हा शॉट आम्ही पुन्हा पुन्हा बघितला. तुम्हीही बघा, पेन्सिल कुठं टेकते ते.

कानडीत तेवीस म्हणताना आधी वीस येतात आणि मग तीन. लिहिताना हात डावीकडून उजवीकडं जातो, दोन आणि मग तीन. बोललं तसं लिहिलं. मराठीत उलटं आहे. ते-वीस. तीन आधी कानावर पडतात, वीस मागून. जर्मन भाषेतही असंच आहे, आणि तिथली मुलंही दोन अंकी आकडे लिहिताना अशीच अडखळतात, हे तिथल्या संशोधकांनी नोंदवून ठेवलंय. महाराष्ट्रात 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या गदारोळाच्या मुळाशी हीच अडचण होती.

ही मुलगी बाईंचं कानडी ऐकते, मनातल्या मनात मराठी करते आणि मग लिहिते. तिचं मन 'तेवीस' म्हणतं. तीन आधी. म्हणून तीन आधी उमटतात.

आता घरचा शॉट. आजोबा भट्टीतून निघालेले माठ मोजतायत. "एकवीस... बावीस... तेवीस." नात पाटी घेऊन बसलीय. हात बघा. डावीकडं एक आकडा मावेल एवढी जागा ती मोकळी सोडते, आधी तीन लिहिते, मग मागं येऊन दोन. तेवीस. बरोबर. ही युक्ती तिला कुणी शिकवलेली नाही. तिची तिनं शोधलीय. वर्गात घाईघाईनं पुढचा आकडा येतो, जागा सोडायला वेळ मिळत नाही, आणि बत्तीस होतात.

सहा वर्षांचं लेकरू दोन भाषांच्या मधोमध बसून स्वतःसाठी पूल बांधतंय. त्याला कच्चं म्हणायचं?

(पहाटेचं खानापूर स्टेशन.)

मातीचे गोळे घेऊन गावोगाव फिरणारी ही ताई मानसशास्त्राच्या एम.ए.ला आहे. शेवटचं वर्ष. सोमवारी पहाटे खानापूर, मग लोंढा, अळणावर, आणि धारवाड. दहावीपर्यंत शिक्षण मराठीत, पदवी बेळगावात, पुढचं सगळं इंग्रजीत. दोन वर्षं, चार सत्रं. मुलांच्या वाढीचं मानसशास्त्र, शिक्षणाचं मानसशास्त्र, मापन, संख्याशास्त्र, आणि शेवटी प्रबंधिका. घरी विचारतात, एवढं शिकून काय होणार? बी.एड. केलं असतंस तर एव्हाना नोकरीला लागली असतीस. ती फार वाद घालत नाही. पिशवीत माती भरते आणि निघते.

तिच्या वहीत तीन रकाने आहेत. इंग्रजी, कानडी, मराठी. खरं काम या वहीतच चाललंय, आणि ते नीट दाखवल्याशिवाय आम्हाला पुढं जायचं नव्हतं.

पहिल्या खेपेला तिनं पुस्तकी मराठीत प्रश्न लिहून आणला होता. मातीसारखाच पाण्याचा प्रयोग: काचेचे दोन पेले, दोन्हींत बरोबरीनं पाणी, मग एकातलं पाणी वेगळ्या आकाराच्या भांड्यात ओतायचं. "दोन्ही पेल्यांत सारखं पाणी आहे का?" समोरचा पोरगा म्हणाला, "नाय, आज नळच आला नाय." सारखं म्हणजे सतत, असं त्यानं धरलं, आणि त्याच्या गल्लीतल्या पाण्याबद्दल खरं तेच सांगितलं. चाचणीच्या कागदावर हे उत्तर चूक ठरलं असतं.

मग ती वही घेऊन चुलीपाशी बसली. आजीला वाचून दाखवलं. "कोणत्या पेल्यात अधिक पाणी आहे?" आजीनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "असं कोण इचारतंय गं लेकराला? कंच्यात लई हाय, असं इचार की." सारखंच्या जागी 'तेवढंच' आलं, अधिकच्या जागी 'लई'. पेल्याच्या जागी चहाचा काचेचा ग्लास आणि लोणच्याची रुंद बरणी आली, कारण घराघरात स्टीलचे ग्लास, आणि त्यातलं पाणी बाहेरून दिसत नाही.

पुढची पायरी उलट भाषांतराची. मूळ प्रश्न कधीच न बघितलेल्या मैत्रिणीकडून मराठी प्रश्नाचं पुन्हा इंग्रजी करून घ्यायचं, आणि मुळाशी जुळतंय का बघायचं. नाही जुळलं की परत चुलीपाशी.

अजून एक गोष्ट ती काटेकोरपणे पाळते. पाणी ओतून झाल्यावर प्रश्न एकदाच विचारते. पियाजेच्या पद्धतीत तो ओतण्याआधी आणि ओतल्यावर असा दोनदा विचारला जायचा. 1974 साली सुझन रोझ आणि मेरियन ब्लँक या दोघी संशोधकांनी दाखवलं, की एकदाच विचारलं तर मुलं कमी चुकतात. मोठ्या माणसानं तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे आपलं आधीचं उत्तर चुकलं, असं मूल समजतं. आमच्याकडं तर बाईंनी पुन्हा विचारलं की पोरगं उत्तर बदलणारच. ते त्याच्या अंगवळणी पडलंय.

(जुन्या मुंबई इलाख्याचा नकाशा.)

ही सगळी खटपट नवी आहे असं कुणी समजू नये. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिनेनं 1905 साली बुद्धिमापनाची पहिली श्रेणी केली, म्हणजे सोप्याकडून अवघडाकडं जाणाऱ्या प्रश्नांची मालिका. शाळेत मागं पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत मिळावी, एवढाच त्याचा हेतू होता. पियाजेही तरुणपणी पॅरिसमध्ये अशाच कामाला लागला होता. इंग्रजी प्रश्न फ्रेंच मुलांसाठी बसवायचं काम. बरोबर उत्तरं मोजता मोजता त्याचं लक्ष चुकीच्या उत्तरांकडं गेलं. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं का चुकतात? त्याचं पुढचं आयुष्य त्या प्रश्नामागं गेलं.

आणि बिनेची ती श्रेणी आपल्या या भागात आणली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. 1934 साली त्यांचं काम ब्रिटनमधल्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलं. कुठल्या मुलांसाठी? कानडी आणि मराठी बोलणाऱ्या. दोन्ही. तेव्हा बेळगाव आणि धारवाड एकाच इलाख्यात होते, आणि या मातीतल्या मुलाला त्याच्याच भाषेत विचारलं पाहिजे, हे त्या माणसाला ठाऊक होतं. बिने-कामत चाचणी आजही वापरली जाते. त्याच 1934 साली रशियात वायगॉट्स्की नावाचा मानसशास्त्रज्ञ क्षयानं गेला, अवघ्या 37 व्या वर्षी. भाषा हे मुलाचं विचार करण्याचं अवजार आहे, असं तो सांगत होता.

नव्वद वर्षं झाली. कामतांनी दोन भाषांत उभं केलेलं काम पुढं न्यायला या दोन्ही भाषा जाणणारी माणसं लागतात, आणि ती या सीमाभागात घराघरात आहेत. बाजारात कानडी, चुलीपाशी मराठी, मोबाइलवर हिंदी. पण या विषयाकडं वळणारी मराठी मुलं-मुली आम्हाला बोटावर मोजण्याएवढ्याच भेटल्या. त्या वाढायला हव्यात. आम्ही कॅमेरा उचलला तो यासाठी.

1956 साली राज्यांची फेररचना झाली, सीमा आखली गेली. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम 350-अ आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असं ते सांगतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचाही, म्हणजे वाचणं, लिहिणं, हिशेब यांतल्या अडचणीचाही, समावेश झाला, त्यामुळं आता मूल तपासायला पाठवण्याचं प्रमाण वाढत जाणार. ते चांगलंच आहे. पण निदानाच्या निकषांतच एक अट आहे. शिकवण्याची भाषा मुलाला पुरेशी येत नसल्यानं अडचण येत असेल, तर तिला अक्षमता म्हणता येत नाही. हे बघणार कोण? ज्याला मुलाची भाषा येते तोच.

ताईला असं निदान करण्याचा अधिकार नाही. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, त्याचा अभ्यासक्रम वेगळा. ती फक्त नोंदी ठेवते, पालकांची लेखी संमती घेते, मुलालाही विचारते, "खेळायचं काय?" नको म्हटलं की माती परत पिशवीत.

या मुलीच्या पाटीचे फोटो तिनं बाईंना दाखवले. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मागं पडलेल्यांच्या यादीतून एक नाव कमी झालं. बाकीची तपासायची आहेत.

(एस.टी.ची खिडकी. लाल रस्ता. काजूची झाडं.)

पुढचं गाव कानडी बोलणाऱ्यांचं. तिथल्या काही घरांनी मुलांना इंग्रजी शाळेत घातलंय. ताई वहीतलं कानडी पान उघडते. पेल्याच्या प्रश्नाखाली एक ओळ अजून कोरी आहे. गावात उतरल्यावर ती आधी शाळेत जात नाही. पहिल्याच घराच्या कट्ट्यावर शेंगा निवडत बसलेल्या म्हातारीपाशी जाऊन बसते, वही पुढं करते आणि हाक मारते,

"अज्जी..."